नाइट करून आल्यावर मला अंधार लागतो

मी मिरजेत एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस नाइट असते. सकाळचं हँडओव्हर देऊन सांगलीला विश्रामबागेत घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. सासूबाईंनी चहा करून ठेवलेला असतो, लेक शाळेत गेलेली असते. अंघोळ करून दहाला मी पाठ टेकते. आमच्या बेडरूमची खिडकी पश्चिमेला, पाच फूट रुंद. त्यामुळे दुपारपर्यंत झोप होते, पण दीड-दोन वाजले की ऊन सरळ उशीवर येतं. मग डोळे मिटून पडून राहायचं आणि संध्याकाळी तसंच परत ड्यूटीवर जायचं.

हा फ्लॅट आम्ही भाड्याने घेतला तेव्हा खिडक्यांना आधीपासून ब्लाइंड्स होते. पूर्वी इथे कुणाचं तरी ऑफिस होतं, त्यांनी लावलेले. उभ्या पट्ट्यांचे, वर अॅल्युमिनियमची पट्टी, बाजूला मण्यांची साखळी. दिसायला चांगले आहेत, आणि मावळतीचं ऊन तिरकं येतं तेव्हा उभ्या पट्ट्या फिरवून ते बरंच अडवताही येतं. पण पट्टी आणि पट्टी यांच्यामध्ये फट राहतेच. पंखा लागला की पट्ट्या हलतात आणि प्रत्येक फटीतून उजेडाची रेघ भिंतीवर नाचते. म्हणून त्यांच्यावरून जाड पडदा लावायचा ठरवला. घरमालकीणकाकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “लाव की गं, पण भिंतीला भोक नको हं. आणि ते ब्लाइंड काढू नकोस, महागातले आहेत.”

मला काकूंची अट पटली. खिडकीच्या वर काँक्रीटचं लिंटल असतं. तिथे घरगुती ड्रिल आत जात नाही, बिट सरकतं आणि स्क्रूच्या प्लास्टिकच्या फिशरसाठी पाडायचं एवढंसं भोक रुपयाएवढं होतं. पुढे ते पुट्टीने बुजवलं तरी रंगाचा ठिगळ दिसतोच. याआधीच्या घरात आम्ही चार भोकं पाडली होती. घर सोडताना त्या घरमालकांनी डिपॉझिटमधून जी रक्कम कापली, तिच्यात अख्खी खोली रंगवून झाली असती. तेव्हापासून मी भिंतीला हात लावत नाही.

पण एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. भाडेकरूने पडदा मागितला की ती त्याची हौस समजली जाते. “दोन वर्षांसाठी कशाला खर्च?” हे मला किती जणांनी ऐकवलं! नातेवाइकांनी, शेजारच्यांनी, अगदी बरोबर काम करणाऱ्या मुलींनीसुद्धा. डोळ्यांवर उजेड पडला की मेंदू त्याला दिवस समजतो, झोपेचं हार्मोन कमी करतो. रात्रभर जागून आलेल्या माणसाला दिवसा झोपायचं असेल तर अंधार मुद्दाम तयार करावा लागतो. आमच्या वॉर्डात पहाटे चारला इंजेक्शनचा डोस मोजणारी मुलगी दुपारी नीट झोपली होती की नाही, याने पेशंटला फरक पडतो. कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनवर तिसरी पाळी करणाऱ्यालाही पडतो. घर भाड्याचं असलं म्हणून झोप पुढे ढकलता येत नाही.

आता भोक न पाडता पडदा कसा लावला ते सविस्तर सांगते, कारण दोनदा चुकल्यावर मला हे जमलं आहे.

पहिल्यांदा मी चिकटणारे हूक आणले आणि भिंतीवर लावले. आमच्या भिंतीला डिस्टेंपर आहे. तिसऱ्या दिवशी हूक, रॉड, पडदा सगळं खाली आलं आणि हुकांबरोबर रंगाचे तळहाताएवढे पापुद्रे निघाले. हूक भिंतीला चिकटतच नाही, रंगाला चिकटतो, आणि रंगाची भिंतीवरची पकड कच्ची असेल तर तो रंग घेऊनच येतो. टाइल, ग्रॅनाइट, काच, अॅल्युमिनियम यांवर तेच हूक घट्ट बसतात.

दुसऱ्यांदा टेन्शन रॉड आणला. दोन्ही टोकांना रबर, आत स्प्रिंग, दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये दाबून बसणारा. तो मी खिडकीच्या खोबणीत, पण रंगवलेल्या गिलाव्यावर बसवला. हळूहळू घसरत गेला आणि रबराचे काळे ओरखडे ठेवून गेला. शिवाय त्यावर मी दाराचा सातफुटी तयार पडदा टाकला होता, खाली दीड-दोन फूट नुसताच लोंबत होता. ते सगळं वजन रॉडवरच!

मग एका रविवारी नवरा आणि मी टेप घेऊन खिडकीसमोर बसलो. आमच्या खिडकीला आतून चारी बाजूंनी ग्रॅनाइटची चौकट आहे. सांगलीतल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये असते, कुठे ग्रॅनाइट, कुठे कडप्पा. रॉड तिथेच टेकवायचा हे आधी सुचायला हवं होतं. दगडाला रंग नाही, त्यामुळे निघायचं काही नाही आणि डाग पडला तर पुसता येतो. फक्त रॉड ब्लाइंडच्या किती पुढे बसवायचा ते नीट मोजावं लागतं. ब्लाइंड बंद असताना मोजलं तर फसाल. आमच्या पट्ट्या चार इंच रुंद आहेत. त्या फिरवून उघड्या केल्या की दोन इंच पुढे आणि दोन इंच मागे येतात. म्हणून पट्ट्या पूर्ण उघड्या ठेवून मोजायचं. वरच्या पट्टीच्या मधोमधपासून अडीच-तीन इंच पुढे रॉड, म्हणजे पट्ट्या फिरताना पडद्याला घासत नाहीत. चौकटीची खोली तेवढी नसेल तर ही पद्धत तुमच्या खिडकीला चालणार नाही, उगाच पैसे घालू नका.

रॉड जाड नळीचा घ्या. पाच फुटांवर बारीक रॉड मधे वाकतो. दुकानदार “दहा फुटांपर्यंत वाढतो” असं सांगतो, पण जितका लांबवाल तितका तो कमी वजन पेलतो. आम्ही एक इंची नळीचा घेतला. दगड स्पिरिटने पुसून कोरडा केला, रॉड खिडकीच्या मापापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवला, दाबून आत बसवला. मध्यभागी वरच्या ग्रॅनाइटला एक चिकटणारा हूक लावला आणि एक दिवस त्यावर काहीच टांगलं नाही. दुसऱ्या दिवशी रॉड त्या हुकात अडकवला. आता मधे झोळ पडत नाही. पहिल्या आठवड्यात रबर जरा दबतं, तेव्हा एकदा परत ताणून घ्यावं लागलं. त्यानंतर हात लावलेला नाही.

ब्लाइंडच्या वरच्या पट्टीवरच पडदा अडकवू, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. मी ठाम नाही म्हटलं. ती पट्टी क्लिपांवर धरलेली असते आणि त्या क्लिपा पट्ट्यांच्या वजनापुरत्या असतात. शिवाय वस्तू काकूंची.

पडद्याचं कापड कापड पेठेतून घेतलं, मागून कोटिंग असलेलं, उजेड आरपार न सोडणारं ब्लॅकआउट. शिवायला आमच्या गल्लीतल्याच काकांकडे दिलं. रिंगांचा पडदा करू नका असं त्यांनीच सांगितलं. रिंगा लावल्या की रॉडच्या वर लाटांसारख्या फटी राहतात. त्याऐवजी नेफा घातला आणि नेफ्याच्या वर दीड इंचाची झालर सोडली. ती वरची फट झाकते. नेफ्याचा पडदा सरकवायला जरा जड जातो, पण मला तो दिवसातून दोनदाच सरकवायचा असतो. दोन्ही कडांना वेल्क्रो शिवून घेतला, त्याची दुसरी पट्टी बाजूच्या ग्रॅनाइटला चिकटवली. झोपताना कडा दाबून टाकते. तयार झाल्यावर घरच्या काट्यावर तोलला, जेमतेम एक किलो भरला. धुतल्यावर ओला मात्र टांगायचा नाही, पूर्ण वाळवूनच. शिलाई, कापड, रॉड सगळं दोन हजारांच्या आत झालं आणि घर सोडताना हे सगळं आम्ही बरोबर घेऊन जाऊ.

उकाड्याचं मात्र खरं सांगते, आतला पडदा उजेड अडवतो, उकाडा फारसा अडवत नाही. ऊन काचेतून आत आलं की उष्णता खोलीतच राहते. एप्रिल-मेमध्ये ते ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. आमच्या भावाची तासगावकडे द्राक्षबाग आहे, त्याच्याकडून शेडनेटचा, म्हणजे सावलीच्या जाळीचा, उरलेला तुकडा आणला आणि बाहेरच्या ग्रिलला प्लास्टिकच्या टायने बांधला. सोसायटीला विचारून बांधला, पावसाळ्याआधी काढणार. खोलीत पाय ठेवताच फरक कळतो.

ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी ब्लाइंडच्या साखळीकडे आज, आत्ता बघा. लोंबणारी साखळी मुलाच्या गळ्याभोवती अडकू शकते. आमची साखळी खालच्या क्लिपमधून निघालेली होती, ती आम्ही भिंतीलगत ताणून परत बसवली. आणि त्या खिडकीखाली पलंग किंवा स्टूल ठेवत नाही.

काकूंना मी पडदा दाखवला. त्यांनी रॉड हाताने ओढून बघितला आणि म्हणाल्या, “हे बरंय की, वरच्या घरातही असंच करू या.” मला वाटतं, घरमालकांनी हे स्वतःच करावं. नर्स, पोलीस, कारखान्यातला कामगार अशा पाळीत काम करणाऱ्याला घर देताना एक रॉड आधीच बसवून द्यावा. आणि काय चालेल, काय नाही, ते करारात लिहावं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्यातच ब्लाइंड कुणाचे, भिंतीला काय चालेल, या दोन ओळी घातल्या की डिपॉझिटवरून नंतर वाद होत नाही. किल्ली घ्यायच्या दिवशी प्रत्येक खिडकीचे, भिंतीवर आधीपासून असलेल्या भोकांचे फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सॅपवर ठेवा. आधीच्या घरात आम्ही हे केलं नव्हतं.

येत्या रविवारी मिरजेला एका ज्युनियर मुलीच्या खोलीवर जाणार आहे. तिची जुनी इमारत आहे आणि खिडकीची चौकट लोखंडी आहे. तिथे टेन्शन रॉडचीही गरज नाही, लोहचुंबकाचा रॉड थेट चौकटीला बसेल. अॅल्युमिनियमच्या खिडकीला चुंबक धरत नाही, म्हणून आमच्याकडे तो उपयोगाचा नव्हता. तिच्याही नाइट सोमवारपासून आहेत, त्याआधी पडदा लागायला हवा. जाताना टेप, स्पिरिट आणि माझ्या उरलेल्या कापडाचा तुकडा घेऊन जाईन.