हाफ क्लचवर धारूर घाट

जुनी गाडी घ्यायची ठरली आणि आमच्या माजलगावच्या घरात तीन महिने एकच खल चालला: डिझेल की पेट्रोल? सासरे डिझेलवाले. 2014 साली सरकारनं डिझेलचे दर मोकळे सोडले, पेट्रोलशी असलेली तफावत आटली. मामांच्या डोक्यातला भाव मात्र जुनाच. मेहुणा सीएनजीवाला. पण डिकीत सिलिंडर बसल्यावर गावाकडचं ज्वारीचं पोतं काय मांडीवर घ्यायचं? माझं रोजचं येणं-जाणं आठ किलोमीटर. शेवटी 2012 ची पेट्रोल घेतली.

"एका हाताची गाडी हाय, सर," एजंट म्हणाला. हात एकच होता, खरंय. पण त्या हाताच्या मालकाचा डावा पाय इतकी वर्षं क्लचवरच मुक्कामाला होता, हे आम्ही कुणी विचारलंच नाही.

पहिली फेरी अंबाजोगाईला, योगेश्वरीच्या दर्शनाला. धारूर घाटात पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. मी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, मुंगीच्या पावलानं. मध्येच इंजिन बोंबलायला लागलं, गाडी जागची हलेना. करपल्याचा वास सुटला.

"गॅस बंद करून आलो ना आपण?" बायको.

उतरून चाकाला दगड लावला. समोर ऊस डुलत होता. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, त्यात उसाचाही वाटा. म्हणजे मी माझ्याच उद्याच्या पेट्रोलमागं अडकलो होतो!

मागून एक रिकामा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं नुसता वास घेतला. "क्लचची प्लेट गेली, सर," म्हणाला आणि गाडी ओढायला सोल, म्हणजे जाड दोर, काढला.

धारूरच्या मिस्त्रीनं हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकून क्लच सोडला. "क्लच धड असंल तर इंजिन फाटकन बंद पडाय पाहिजे." आमचं निवांत गुणगुणत राहिलं. गिअरबॉक्स उतरवला, तर प्लेट घासून रिव्हेटांवर आलेली.

"प्रेशर प्लेट, बेअरिंग, समदा सेटच टाका. खोलायची मजुरी दोनदा कामून देता?"

म्हणणं बिनतोड होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

तेवढ्यात मामांचा फोन. "जावईबापू, चढली का गाडी घाट?"

"चढली, मामा."

"पेट्रोलवर?"

मला ट्रॅक्टर आठवला. "नाही. डिझेलवर."

"मग! मी काय म्हणत होतो?"