किनवटचं सागवान

आमच्या अंगणातला बाक आजवर कुणी खरवडला नव्हता. घरात लगीन निघालं की "वरून एक हात मारून घ्या" एवढंच व्हायचं. आत्याच्या लग्नातला निळा, त्यावर काकाच्या लग्नातला हिरवा, आणि सगळ्यात वर शेजाऱ्यांच्या फाटकाला लावून उरलेला चॉकलेटी. यंदा पुतणीचं लग्न. बाकावर टेकलेला माणूस उठला की त्याच्या धोतराला पोपडे लटकायचे. म्हणून रंग आधी काढायचा ठरला, आणि 'ठरला' म्हटलं की आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघतात.

एप्रिल संपत आलेला, परभणीचं ऊन ४३-४४ वर. मी लिंबाच्या सावलीत पत्र्याची पट्टी घेऊन बसलो.

"काय करायलात काका?"

"रंग काढायलोय."

"लावायचाय म्हणत होते ना?"

असा संवाद गल्लीतल्या प्रत्येकाशी झाला. मग ज्याचा त्याचा उपाय. कुणी म्हणे कॉस्टिक सोडा लावा. त्यानं रंग निघतो, पण सागवान काळं पडतं. कुणी म्हणे दिव्यानं जाळा, फुगला की पट्टीनं ओढा. त्यावर संभाजीनगरला शिकणारा भाचा ओरडलाच. जुन्या ऑइल पेंटात शिसं असायचं. २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग एवढी आणली, आणि आमचे तिन्ही थर त्याच्या कितीतरी आधीचे. जाळला तर धूर, कोरडा घासला तर धूळ, दोन्ही छातीत. म्हणून मास्क लावायचा, लेकरांना लांब ठेवायचं आणि लाकूड ओलं करून घासायचं.

ओलं करून! नळ आठव्या दिवशी येतो. मी बादली हौदात बुडवली तशी आई ओसरीतून म्हणाली, "आम्ही तांब्याभर पाण्यात न्हायचं, अन् ह्यो बाकाला आंघोळ घालणार!" शेवटी भांडी विसळलेलं पाणी मंजूर झालं.

पण ओल्या पॉलिश पेपरनं तीन थर कुठले हलायला? पेंट रिमूव्हर आणला. तो लावून थोडा वेळ थांबायचं असतं. आमच्या उन्हाळ्यात तो थांबेपर्यंत वाळतो. मग वरून प्लास्टिकचा कागद झाकला. कागद उचलला तर चॉकलेटी सायीसारखा सुरकुतलेला. पट्टी घातली, लांबलचक पापुद्रा निघाला. एवढं सुख मला स्वतःच्या लग्नातही झालं नसेल. (हे वाक्य घरात वाचून दाखवलेलं नाही.)

हिरवा मात्र चिकट होऊन पट्टीलाच बसला. आणि निळा! बसायच्या फळीवर, जिथं टिकायला पाहिजे, तिथून बोट लावलं तरी पडायचा. पाठीवरच्या कोरीव फुलात, जिथं कुणी बघत नाही, तिथं असा रुतलेला की दाभण आणि जुना टूथब्रश घेऊन पाकळी न् पाकळी कोरावी लागली. नंतर एक रंगारी सायकल थांबवून म्हणाला, "सुटतंय तेवढंच काढायचं असतं साहेब. जे घट्ट धरून बसलंय त्याला नुसता पेपर मारायचा, नवा रंग धरतो." हा माणूस चार दिवस कुठं होता?

फळीला शेवटचा १२० नंबरचा पेपर रेषेच्या दिशेनं फिरवला आणि सागवान उघडं पडलं. मी सगळ्यांना बोलावलं. आजोबांनी किनवटच्या जंगलातून बैलगाडीत घालून आणलेलं लाकूड! ही गोष्ट आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलेली. "आता रंग नकोच, नुसतं पॉलिश करू," मी म्हणालो. तेवढ्यात ढिला सांधा बघायला सुतारमामा आले. त्यांनी फळीवर हात फिरवून मान हलवली, मग खाली वाकून पायाला नख लावलं.

"फळी सागवानच आहे. पाय बाभळीचे."

"बाभळीचे?"

"जुन्या गाडीचं लाकूड दिसतंय. हे बघा, खुंटीचं भोक बुजवलंय."

कुणीच काही बोलेना. शेवटी आईच म्हणाली, "गाडीत घालून आणलं म्हणायचे मामंजी. गाडीच लावली होय!"

लग्नाला किनवटकडचे पाहुणे येणार होते. मामांनी प्रायमरचा डबा उघडला आणि विचारलं, "आधी पायांना मारू ना?"