दिवा मंद झालेला मीही पाहिला होता

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा ४९८अ पेटलं. विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाचं ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ झालंय, पण भांडायला जुना आकडाच बरा पडतो. खोट्या तक्रारी, सासू-नणंदांची नावं गोवणं, हे सगळं झाल्यावर काकांनी शेवटचा बार काढला : "आणि आता म्हणे गॅसलायटिंग! नवरा-बायकोत थोडंफार चालायचंच. हे सगळं तुमच्या लंडनचं खूळ."

गॅसलायटिंग म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच आठवणीवर, डोळ्यांवर शंका यायला लावणं. शब्द लंडनचा हे मात्र खरं. पॅट्रिक हॅमिल्टनचं नाटक १९३८ साली तिथेच रंगभूमीवर आलं. त्यावरचा जॉर्ज क्यूकरचा १९४४चा हॉलिवूडपट 'गॅसलाइट' मी त्या रात्री पुन्हा लावला. काकांना उत्तर द्यायचं होतं म्हणून लावला आणि भलत्याच ठिकाणी अडकले.

चित्रपट न पाहता हा शब्द वापरणाऱ्यांना वाटतं, की बायकोला वेड लावायला नवरा मुद्दाम दिवे मंद करतो. तसं नाही. पॉलाचा नवरा ग्रेगरी रोज रात्री कामाला म्हणून बाहेर पडतो आणि शेजारच्या रिकाम्या घरातून आपल्याच माळ्यावर शिरतो. पॉलाला जिने वाढवलं त्या गायिकेचा खून त्यानेच केलेला असतो आणि तिची रत्नं तो वर शोधत असतो. त्याने वर दिवा लावला, की खाली पॉलाच्या खोलीतली ज्योत बारीक होते. म्हणजे ती ज्योत ही त्याची चूक आहे, पॉलाकडचा एकमेव पुरावा. ब्रोच गायब करणं, भिंतीवरचं चित्र काढून ठेवणं आणि नाव तिच्यावर घालणं, हे मात्र ठरवून. पॉला झालेल्या इन्ग्रिड बर्गमनने यात डोळ्यांनी जे केलंय त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं, आणि कमीच मिळालं.

मराठीत याला जुना शब्द आहे, काका : वेड्यात काढणं. खूळ बाहेरचं असतं, तर त्याला आपल्याकडे इतका घरगुती वाक्प्रचार कशाला लागला असता?

आणि कायद्याचं म्हणाल तर आपण मागे नव्हतो. घरगुती हिंसाचाराच्या आपल्या २००५च्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. इंग्लंड-वेल्सने जोडीदाराला सतत धाकात, ताब्यात ठेवणं हा गुन्हा ठरवला तो २०१५ साली, कमाल शिक्षा पाच वर्षं. फरक एवढाच, की आपला कायदा मुख्यतः संरक्षणाचे, निवाऱ्याचे आदेश देतो आणि इथला, इंग्लंडचा, थेट फौजदारी आहे. पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारी माझी मावसबहीण म्हणते, "अगं, वळ दाखवता येतो. 'माझी किल्ली रोज हलवतो' हे कोणाला दाखवू?" खोट्या तक्रारी होत नाहीत असं तीही म्हणत नाही. पण त्या वादाच्या धुरळ्यात ही किल्लीवाली बाई कुणाला दिसतच नाही, यावर ती चिडते. मीही.

इतपत मुद्दे मी जमवले होते. मग तो संगीताच्या मैफलीचा प्रसंग आला. भरल्या दिवाणखान्यात ग्रेगरी हळूच सांगतो, माझं घड्याळ नाही. ते पॉलाच्या बटव्यात सापडतं. ती रडू लागते, तो तिला सावरत बाहेर नेतो आणि लोक बिचाऱ्या नवऱ्याकडे पाहतात.

इथे आमच्या ओळखीत एक जोडपं होतं. ती त्याच्या व्हिसावर आलेली, बँक खातं त्याचं, गाडी त्याची. प्रत्येक गणपतीत, प्रत्येक दिवाळीत तो हसत सांगायचा, "हिला काही आठवत नाही हो, गॅससुद्धा मीच बघतो." आम्ही हसायचो. एकदा स्वयंपाकघरात तिने पर्समधून छोटी वही काढून मला दाखवली. तारीख, वेळ, 'गॅस बंद केला'. पानंच्या पानं. मी म्हटलं, "किती गं व्यवस्थित तू!" आणि पुरणपोळ्यांचं ताट घेऊन बाहेर गेले.

चाळीत भिंतीला कान असतात. शेजारीण "सहन कर" म्हणेल कदाचित, पण आवाज ऐकू आला हे तरी नाकारणार नाही. इथे डबल ग्लेझिंग आहे, दुहेरी काचांतून आवाज बाहेर जात नाही. कायदा आहे, हेल्पलाइन आहे, फक्त तिची ज्योत बारीक होताना पाहणारं कोणी नाही. पॉलाला तरी पोलीस अधिकारी ब्रायन कॅमरून भेटतो. तो तिच्या खोलीत बसून म्हणतो, की हो, दिवा मंद झाला. कायद्याचं काम त्याच्या नंतर सुरू होतं.

ती दोघं दुसऱ्या शहरात गेली. मी दोनदा मेसेज केला. उत्तर दोन्ही वेळा त्याच्या फोनवरून आलं : "ती मजेत आहे, फोन कुठे ठेवते तेच तिला आठवत नाही, हाहा."

काकांना अजून उत्तर दिलेलं नाही.