‘नुसत्या साखरेच्या गोळ्या देतात’ : प्रोस्टेट कॅन्सरच्या ट्रायलविषयीच्या एका संदेशाला उत्तर

गणपतीच्या सुमारास चाकरमान्यांचे व्हॉट्सॲप गट जागे झाले की त्यांतून फिरणारे संदेश आमच्या किनाऱ्यावरच्या गावागावांत पोहोचतात. यंदा त्यांत आलेल्या एका संदेशाचा आशय असा : प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेल्या वयस्क माणसांना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ‘ट्रायल’मध्ये, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीत, घेतात; त्यांतल्या निम्म्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या देतात; सही केली की बाहेर पडता येत नाही; काही बरेवाईट झाले तर कंपनी हात वर करते; आणि औषध फुकट मिळते, यातच सगळे आले. माझे औषधांचे दुकान असल्यामुळे हा संदेश पुढे करून ‘यातले खरे किती?’ असे विचारणारे लोक मला भेटतात. एका गृहस्थांनी तर ट्रायलच्या भीतीने मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीखच सोडून दिली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

साखरेच्या गोळ्यांचा मुद्दा सर्वांत जास्त घाबरवतो, म्हणून तो आधी घेतो. दिसायला औषधासारखी, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, काही ट्रायलमध्ये वापरली जाते हे खरे आहे. खोटा आहे तो ‘नुसत्या’ हा शब्द. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर (हार्मोनवर) पोसला जातो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले, पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले, आणि ते संप्रेरक बंद करणे हा पसरलेल्या आजाराच्या उपचाराचा पाया आजही कायम आहे. आपल्याकडे हे काम ठरावीक महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनाने किंवा अंडग्रंथी काढण्याच्या लहानशा शस्त्रक्रियेने होते. नव्या औषधाची ट्रायल या पायावर भर घालून पाहते, पाया काढून घेत नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘लॅटिट्यूड’ या ट्रायलमध्ये १,१९९ रुग्ण होते आणि संप्रेरक बंद करणारा उपचार त्या सर्वांना चालू होता. फरक एवढाच की एका गटाला त्यासोबत ॲबिराटेरोन हे नवे औषध व प्रेडनिसोन हे स्टेरॉइड आणि दुसऱ्याला प्लासिबो मिळत होते. मधल्या टप्प्यावरच ॲबिराटेरोनच्या गटात मृत्यूचा धोका ३८ टक्क्यांनी कमी दिसला, तेव्हा आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने प्लासिबोच्या गटालाही ते औषध घेण्याची मुभा द्यावी, अशी शिफारस केली. ‘अ‍ॅरासेन्स’ या दुसऱ्या ट्रायलमध्ये तर दोन्ही गटांना डोसिटॅक्सेलची केमोथेरपीही मिळत होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिजन’ या ल्युटेशियमच्या (किरणोत्सारी औषधाच्या) ट्रायलमध्ये प्लासिबो नव्हताच. तुलना प्रचलित उपचाराशी होती. गंमत अशी की हा संदेश मला दाखवणाऱ्यांपैकी एक जण त्याच वेळी वडिलांसाठी ॲबिराटेरोनची बाटली न्यायला आला होता.

याचा अर्थ नवे औषध चांगलेच ठरते असा मात्र नाही, आणि तशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ॲबिराटेरोन आणि रेडियम-२२३ हे किरणोत्सारी औषध एकत्र देऊन पाहणाऱ्या एका मोठ्या ट्रायलमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण जास्त दिसले आणि २०१७ मध्ये कोणाला काय मिळते आहे हे एरवी शेवटपर्यंत झाकलेले गुपित ठरल्या वेळेआधीच उघड करावे लागले. ट्रायलमधला खरा धोका हा आहे. संदेश लिहिणाऱ्याला तो ठाऊक नसावा, नाहीतर त्याने साखरेऐवजी तोच लिहिला असता.

‘कंपनी हात वर करते’ हा संशय मात्र हवेतून आलेला नाही. स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला धारेवर धरले ते औषधचाचण्यांतल्या अशाच गैरप्रकारांवरून. पण त्यानंतर नियम बदलले. २०१९ च्या नियमांनुसार गंभीर इजा झाल्यास डॉक्टरने २४ तासांत कळवावे लागते. ट्रायलमुळे झालेल्या इजेवर गरज असेल तोवर मोफत उपचार मिळतात आणि कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास भरपाई द्यावी लागते. आजार आपल्या गतीने वाढला तर ती भरपाई लागू होत नाही, हे आधीच समजून घ्यावे. ट्रायलला परवानगी देणाऱ्या आणि रुग्णांचे हित पाहणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात. नियम कागदावरच राहतात असे कोणी म्हणेल. त्यासाठीच संमतिपत्राची प्रत मागून घ्यावी, ती देणे बंधनकारक आहे. ट्रायलचा सीटीआरआय क्रमांकही, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीतला क्रमांक, विचारावा. ही नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे आणि कोणालाही फुकट पाहता येते.

सहीनंतर बाहेर पडता येत नाही, हे सपशेल खोटे आहे. केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही. औषध फुकट मिळते हे खरे, पण त्यात काळेबेरे काही नाही : जे अजून विक्रीसाठी मंजूर नाही, त्याचे पैसे रुग्णाकडून कसे घेणार?

आता संदेशात नसलेली, पण कोकणातल्या माणसाला सर्वांत जड जाणारी गोष्ट. ट्रायलमध्ये सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी हजर राहावे लागते, स्कॅनच्या तारखा ठरलेल्या असतात, आणि सावंतवाडीहून परळ म्हणजे रात्रभरचा प्रवास. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या आणखी सावकाश चालतात, आणि कंबरेच्या हाडांत गाठी असलेल्या माणसाला बर्थवर कूस बदलणेही जिवावर येते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सररुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत भाडे पडत नाही. प्रवासखर्च ट्रायलकडून मिळणार का, हे संमतिपत्रात पाहावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न घरचा आहे. ॲबिराटेरोनसारख्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम उतरू शकते. तसे झाले तर रात्री गावात कोण बघणार, आणि त्या डॉक्टरने मुंबईत कोणत्या नंबरावर फोन करायचा? हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नये.

तारीख सोडून दिलेल्या त्या गृहस्थांना मी दुकानातच खुर्चीवर बसवून त्यांचे संमतिपत्र वाचून दाखवले. त्यांनी ट्रायलला नाहीच म्हटले. प्रवास झेपणार नाही आणि सोबतीला यायला मुलाला रजा मिळत नाही, ही त्यांची कारणे होती आणि मला ती पटली. दर तीन महिन्यांनी घ्यायचे, पण चुकलेले संप्रेरकाचे इंजेक्शन मात्र त्यांनी त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात जाऊन घेतले.