सहीचा फेरफार

‘फोटो बारीक करणे 20 रु. सही बारीक करणे 20 रु. जाड करणे 30 रु.’

झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर हा कागद आतून चिकटवलेला आहे. त्यातले शेवटचे तीस रुपये परवा मी मोजले आणि ते अजून खुपतायत. तीस रुपयांचं काही नाही हो. पण फोटो साफ करणं, मापात बसवणं, छापखान्याला चालेल अशी फाइल करून देणं यावरच माझं घर चालतं. शिंप्याला दुसऱ्याच्या दुकानात जाऊन शर्टाचं बटण लावून घ्यावं लागावं आणि वर रांगेतल्या माणसानं त्याला सुई कशी धरायची ते शिकवावं, तसं झालं.

भाचीचा भरतीचा अर्ज, शेवटचा दिवस, घरचं नेट गेलेलं. एवढी पार्श्वभूमी पुरे. अटी अशा: फोटो 200 बाय 230 पिक्सेल, 20 ते 50 केबी. सही 140 बाय 60 पिक्सेल, 10 ते 20 केबी. दोन्ही फक्त जेपीजी. आणि चूक कोणतीही असो, उत्तर एकच, लाल अक्षरात: ‘अवैध फाइल’. माप चुकलं, वजन चुकलं की जात चुकली, ते तुमचं तुम्ही ओळखायचं.

फोटोचं निभावलं. भाचीकडे आयफोन, आणि 2017 पासून आयफोन फोटो काढतो तो जेपीजीत नाही, एचईआयसीत. जागा साधारण निम्मी लागते, दर्जा तोच, म्हणून. उत्तम कल्पना आहे, फक्त अर्ज घेणाऱ्या साइटला ती कुणी कळवलेली नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, “सर, आयफोनचा फोटो चालत नाही. साध्या फोननं काढा.” चालतो. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केलं की पुढचे सगळे फोटो जेपीजी येतात. आधीच काढलेला असेल तर व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच फोटो म्हणून पाठवायचा, जेपीजी होऊन पडतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलात तर मात्र एचईआयसी तसाच्या तसा पोचतो. एरवी मी लोकांना नेमकं उलटं सांगत असतो, की बाबांनो, छापायचा फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर त्याचा चोथा होतो. दुकानासमोरच्या चौकात कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा दहा फुटी फ्लेक्स होता, त्यावर डीपीवरनं उचललेला चेहरा. डीपी असून असून किती, 640 पिक्सेल. दहा फूट म्हणजे 120 इंच. इंचाला पाच ठिपके. साहेबांच्या डोळ्यांच्या जागी दोन करड्या फरशा बसवल्यासारख्या दिसत होत्या. असो.

खरा घोळ सहीनं घातला. भाचीनं पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं सही केली, पोरानं स्कॅन केली, मी कापून 140 बाय 60 केली. साइट म्हणाली, अवैध. बघितलं तर फाइल 4 केबी. किमान दहा हव्यात.

इथे जरा हिशेब करा. 140 गुणिले 60 म्हणजे 8400 ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे अजिबात न दाबता ठेवली तरी सही भरते जेमतेम 25 केबी. आता जेपीजीचं काम काय? चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात खरोखर काही घडतंय का ते बघून तेवढंच लिहून ठेवायचं. कोऱ्या पांढऱ्या चौकोनात काहीच घडत नाही, तिथे लिहायलाही काही नसतं. म्हणजे सही जितकी स्वच्छ, तितकी फाइल हलकी. 1992 साली हे मानक आलं तेव्हापासून फायली लहान करणं हाच ज्याचा धर्म, त्यालाच साइट म्हणते, फार लहान केलीस, थोडी वाढव. रेशनच्या दुकानात ‘तुम्ही कमी खाता’ म्हणून कार्ड अडवावं, तसला प्रकार.

वाढवायचे सरळ मार्ग आहेत. गिंपसारखं फोटोचं सॉफ्टवेअर असेल तर एक्स्पोर्ट करताना क्वालिटीची पट्टी 100 वर न्यायची, खालच्या प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग 4:4:4 करायचं, म्हणजे रंगाची माहिती गाळली जात नाही. प्रिव्ह्यू दाखवण्याच्या पर्यायाला खूण केली की फाइल किती केबीची होणार ते तिथेच दिसतं. मॅकवर प्रिव्ह्यूमधून एक्स्पोर्ट करतानाही पट्टी आणि आकडा दोन्ही समोर असतात. पण दुकानात होतं फक्त पेंट. आणि पेंट क्वालिटी विचारत नाही. हॉटेलात चहाला साखर विचारत नाहीत तसं.

पोराकडे स्वतःची रीत होती. त्यानं कुठलीशी साइट उघडली, जाहिरातींमधून वाट काढली आणि भाचीची सही तिथे टाकायला निघाला. मी हात धरला. ही साइट कुणाची, टाकलेल्या फायलींचं पुढे काय करतात, काही पत्ता नाही. रोज किती पोरंपोरी आपला फोटो, सही, आधारकार्ड या अनोळखी घरात नेऊन ठेवतात, कशासाठी, तर केबी जुळवण्यासाठी! आणि हे सगळं टाळण्याजोगं आहे. फोन तीन-चार एमबीचा फोटो काढतो. तो साइटनं तसाच घ्यावा आणि स्वतःला हवा तेवढा करून घ्यावा. प्रोग्रामरच्या फार तर दिवसभराच्या कामाची गोष्ट. तो दिवस कुणी घालवला नाही, म्हणून प्रत्येक अर्जदारानं आपला दिवस घालवायचा आणि वर वीस रुपये द्यायचे. डायल-अपचा जमाना असता तर समजू शकलो असतो.

“जाड होत नाहीये का?”

मागून आवाज आला. रांगेत एक काका होते, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. निवृत्त तलाठी, हे त्यांनी न विचारता सांगितलं. मी तेवढ्यात तीच सही पीएनजीत साठवून बघितली होती, ती भरली 14 केबी. पीएनजी काही टाकून देत नाही, कागदाचा प्रत्येक रवा, स्कॅनरच्या काचेवरची धूळसुद्धा जपून ठेवतं, म्हणून जड. वजन अगदी मापात, पण साइटला जेपीजीच हवं.

“मग फेरफार करा की,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“पीएनजीचं नाव कमी करून जेपीजीचं नाव लावा.”

“काका, नाव बदलून आतली फाइल बदलत नाही.”

“जमीन तरी कुठे बदलते? सातबाऱ्याला नाव लागलं की झालं.”

रांग हसली. पोरानं तेवढ्यात माऊस माझ्या हातातून काढून घेतला. नाव बदललं, ‘सही डॉट जेपीजी’. साइट म्हणाली, अवैध. मला बरं वाटलं. कारण मला दिसलं होतं: विंडोज ओळखीच्या फायलींचं शेपूट लपवतं. त्यामुळे फाइल खरी झाली होती ‘सही डॉट जेपीजी डॉट पीएनजी’. मला गप्प बसवलं नाही, मी सांगितलं. व्ह्यूमध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ला खूण करायची, मग पूर्ण नाव दिसतं. स्वतःच्या फजितीला स्वतःच कंदील धरला मी.

पोरानं खूण केली, पीएनजी खोडलं. लगेच विंडोजनं चौकट उघडली: शेपूट बदललंत तर फाइल निकामी होऊ शकते, खात्री आहे ना?

“हरकत आली,” काका म्हणाले. “हरकतीला पंधरा दिवस असतात. इथं लगेच निकाल आहे, बरंय की. यस दाबा.”

यस दाबलं. अपलोड केलं. हिरवी खूण आली, चौकटीत भाचीची सही लख्ख दिसायला लागली.

दुकानात जो जल्लोष झाला तो मी लिहिणार नाही. भाची म्हणाली, “मामा, झालं की!” या ‘की’मध्ये माझ्या पंधरा वर्षांच्या धंद्याची काय किंमत झाली ते मला कळलं.

मी समजावायला गेलो, आणि समजावायला जाणं ही त्या दिवशीची माझी सगळ्यात मोठी चूक. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. कचऱ्यासारखी अक्षरं, पण पहिल्याच ओळीत स्वच्छ वाचता येतं, पीएनजी. खऱ्या जेपीजीत तिथे जेएफआयएफ किंवा एक्झिफ असं काहीतरी सापडतं. फाइलची जात नावात नसते, या पहिल्या बाइटांत असते. ब्राउझर नाव न बघता ते बाइट बघतो, म्हणून सही दिसतेय. साइटनं फक्त नाव बघितलं, म्हणून हिरवी खूण. पण उद्या हॉलतिकीट छापणारा तिसराच कुठला प्रोग्राम जेपीजी समजून ती उघडेल आणि सहीच्या जागी कोरी चौकट छापेल, तेव्हा कुणाला धरायचं?

काकांनी नोटपॅडकडे बारकाईनं पाहिलं. “मूळ मालक पीएनजी,” ते म्हणाले. “कब्जेदार जेपीजी. असे सातबारे मी ढिगानं बघितलेत. काही होत नाही.”

एका बाबतीत काकांचा कायदा बरोबर आहे, हे कबूल करतो. जेपीजी आणि जेपीईजी हे एकच. जुन्या डॉसमध्ये शेपटाला तीनच अक्षरांची मुभा होती, म्हणून मधला ‘ई’ गळाला. काही साइटी ‘जेपीईजी’ दिसलं की नाकारतात, तिथे खुशाल ‘ई’ खोडावा, आत काही बिघडत नाही. पण हे मी तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर काकांनी मला सर्कल ऑफिसरसमोर जबाब द्यायला लावला असता.

शेवटी अटी पुन्हा वाचल्या, यावेळी चष्मा लावून. केबीपुढे ‘अनिवार्य’ होतं, पिक्सेलपुढे ‘शक्यतो’. मग सोपं होतं. सही पुन्हा मोठी स्कॅन केली आणि 140 बाय 60 ऐवजी 280 बाय 120 केली. प्रमाण तेच, ठिपके चौपट. स्कॅन ‘टेक्स्ट’वर न ठेवता रंगीत ‘फोटो’वर घेतला, म्हणजे कागदाचा रवा जास्त उतरतो आणि जेपीजीला लिहायला काहीतरी मिळतं. पेंटमधूनच जेपीजी साठवली. 11 केबी. आधीची सही काढून ही चढवली, हिरवी खूण. या खेपेला कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांच्या लेखी काम मघाशीच झालं होतं, हा माणूस उगाच रांग अडवून बसला होता.

“तीस रुपये, सर.”

“अरे, जाड मी केली ना!”

“पण झाली ना जाड?”

दिले.

मग काकांचा नंबर. ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डाचा अर्ज होता. नातवानं फोनवर काढलेला फोटो चढवला, तर चौकटीत काका आडवे. कान खाली, टोपी उजवीकडे. याचंही कारण साधं आहे. कितीतरी फोन फोटो आडवाच साठवतात आणि एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलीत दडलेल्या माहितीत, ‘दाखवताना फिरवा’ अशी चिठ्ठी लिहितात. फोन ती चिठ्ठी वाचतो, साइट वाचत नाही. फोटो खरोखरच उभा करून नव्या नावानं साठवला आणि तोच चढवला की काम होतं. दहा सेकंदांचं काम, मी फुकट करून देत होतो. कीबोर्डकडे हात नेलासुद्धा.

“राहू द्या, राहू द्या,” काका घाईनं म्हणाले. “आता कशाला हात लावताय? नोंद लागलीय.”