खुलासा : ठासणीच्या बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

"शेतीसंरक्षणाचा परवाना असेल तर बागेत शिरलेला रानडुक्कर मारायला कुणाची परवानगी लागत नाही," असा मजकूर सध्या कोकणात फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक.

खरा भाग असा : 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे नळीत तोंडाकडून दारू ठासून भरायची, बंदूक बाळगण्याचा परवाना मिळतो. आमच्याकडे कितीतरी घरांत आजोबांपासून ती आहे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, हे ठरलेलंच. पण हा परवाना बंदूक बाळगण्याचा. जनावर मारण्याचा प्रश्न 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्या कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाची नासधूस होत असेल तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. लेखी, आणि आधी. वनरक्षकाने चहा पिताना "मारा हो" म्हटलं, तर ती परवानगी नाही.

जिवावर बेतल्यावर स्वसंरक्षणात जनावर मेलं तर तो गुन्हा नाही. पण तेही सरकारी मालमत्ता ठरतं. मटणाचे वाटे घालायचे नाहीत.

मोर तर अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत. हवेच्या दाबावर चालणाऱ्या छर्ऱ्याच्या साध्या बंदुकीला (एअरगन) परवाना लागत नसला, तरी मोर मारणं गुन्हाच.

नुकसान झालं असेल तर पंचनाम्यासाठी वनविभागाकडे लगेच अर्ज करा.