‘रोज एक नवी गोष्ट करा’ या संदेशाला माझं उत्तर

नवं वर्ष लागलं की हा संदेश सगळ्या गटांवर फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच राहतो: ‘स्वतःला आव्हान द्या. रोज एक तरी नवीन गोष्ट करा. त्याने मेंदूत नव्या जोडण्या तयार होतात आणि उतारवयातला विसर टळतो. 21 दिवसांत सवय लागते. ज्याची भीती वाटते असं एक तरी काम रोज करा, असं एलेनॉर रूझवेल्ट सांगून गेल्या आहेत. चाकोरी माणसाला म्हातारं करते. पैसा लागत नाही, वेळ लागत नाही, फक्त इच्छा हवी. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा.’ खाली यादी असते. डाव्या हाताने दात घासा, वेगळ्या रस्त्याने ऑफिसला जा, अनोळखी माणसाशी बोला, एखादी जुनी लिपी शिका.

यादीतल्या या शेवटच्या ओळीमुळेच मी लिहायला बसले. मी रविवारी मोडी शिकवते आणि हा संदेश वाचून आलेली बरीच माणसं माझ्यासमोर बसलेली असतात. त्यांची उमेद खरी असते, म्हणूनच तिला चुकीची वाट दाखवलेली मला बघवत नाही.

मेंदूच्या जोडण्यांपासून सुरुवात करते, कारण संदेशाचं सगळं वजन त्यावर आहे. शिकल्याने मेंदू बदलतो, हे पक्कं आहे. तो कसल्या शिकण्याने बदलतो, हे संदेश सांगत नाही. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. या तयारीत साधारण तीन-चार वर्षं जातात. कॅथरीन वूलेट आणि एलेनॉर मॅग्वायर या मेंदू-संशोधकांनी अशा उमेदवारांचे स्कॅन तयारीच्या सुरुवातीला आणि काही वर्षांनी पुन्हा घेतले. त्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. जे पास झाले त्यांच्या मेंदूत, जागांची आठवण सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागात, करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. जे पास झाले नाहीत त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. नवे रस्ते दोघांनीही पाहिले होते. पास झालेल्यांनी मात्र दर आठवड्याला सरावाला जवळपास दुप्पट वेळ दिला होता.

त्याआधी 2004 मध्ये जर्मनीत काही जणांना तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं होतं. तीन महिन्यांच्या सरावानंतर त्यांच्या मेंदूतही वाढ दिसली. पुढचे तीन महिने सराव बंद ठेवल्यावर त्यातली बरीचशी ओसरली. आज चेंडू, उद्या ओरिगामी, परवा स्पॅनिशचे चार शब्द, असं करणाऱ्याच्या पदरात काय पडेल याचा अंदाज यावरून बांधता येतो.

वयस्कर माणसांबद्दलचा सर्वांत उपयोगी अभ्यास मला मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांचा वाटतो. तो 2014 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या लोकांना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम शिकवलं, तेही आठवड्याला सरासरी 15 तासांहून अधिक. दुसऱ्या एका गटाला तितकाच वेळ गप्पा, सहली, खेळ यांत रमवलं. आठवणीच्या चाचण्यांत शिकणारे पुढे गेले. नवं शिकण्याने फायदा होतो, या संदेशातल्या दाव्याला इथे आधार आहे. पण तीन महिन्यांत त्या लोकांनी एकच गोष्ट धरून ठेवली होती आणि ती दर आठवड्याला जास्त अवघड होत गेली होती.

‘विसर टळतो’ या शब्दांवर मला जास्त आक्षेप आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून माणसं दुसरं काही करत नाहीत. स्मृतिभ्रंशावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोग्या किंवा कमी करता येण्याजोग्या 14 धोक्यांची यादी दिली. तिच्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, हालचालीचा अभाव, एकटेपणा, नैराश्य, प्रदूषित हवा आहे. कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं हेही आहे. आपल्याकडे घरातल्या आजोबांना ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, टीव्हीचा आवाज वाढत जातो आणि श्रवणयंत्राचा विषय ‘आता या वयात कशाला’ म्हणून मिटवला जातो. त्याच आजोबांना नातवंडं डाव्या हाताने दात घासण्याचा संदेश पाठवतात. कानाची तपासणी करून आणा त्यांना. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका.

आता 21 दिवस. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर स्वतःचा नवा चेहरा अंगवळणी पडायला किंवा कापलेल्या अवयवाची जाणीव सरायला किमान 21 दिवस जातात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सांगता सांगता ‘किमान’ गळालं, रुग्ण गळाले आणि आकडा तेवढा उरला. सवयीचं प्रत्यक्ष मोजमाप फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात केलं. 96 जणांनी 12 आठवडे एकेक साधं काम रोज केलं, जसं जेवणासोबत फळ खाणं किंवा न्याहारीनंतर चालणं. ते आपसूक व्हायला लागायला सरासरी 66 दिवस लागतील असं दिसलं. कुणाला 18 पुरे झाले, तर कुणाचा पुढचा अंदाजी हिशेब 254 पर्यंत गेला.

यात दिवसांच्या संख्येपेक्षा मोठी अडचण दडली आहे. सवय लागते ती एकच काम ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी पुन्हापुन्हा केल्याने. न्याहारीची बशी उचलली की पाय चपलेकडे वळतात, ती सवय. संदेश मात्र एकाच दमात सांगतो की रोज वेगळं करा आणि त्याची सवय लावा. रोज वेगळं केलं तर कशाचीच सवय लागत नाही. उरतं ते रोज सकाळी ‘आज काय नवीन?’ हे शोधणं. एखादा आठवडा त्यात मजा येते, मग ते ओझं होतं, आणि ते टाकून दिल्यावर माणूस स्वतःला आळशी ठरवतो. चूक त्याची नसते, योजनेची असते.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांच्या नावावर खपणारं, भीती वाटणारं काम रोज करण्याचं वाक्य त्यांचं असल्याचा पुरावा नाही. ते मेरी श्मिच या पत्रकार बाईंनी 1997 मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’मधल्या आपल्या सदरात लिहिलं होतं. ज्यांचं वाक्य आहे त्यांचं नाव लावावं, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

चाकोरीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. पहिल्या रविवारी माझ्या वर्गात सगळे जण स्वतःचं नाव मोडीत लिहितात. चेहरे खुलतात, फोटो निघतात, ते स्टेटसला लागतात. दुसऱ्या रविवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, कारण यादीतली एक ओळ पूर्ण झालेली असते. मला वाईट वाटतं ते त्यांना पुढचं काहीच दिसलं नाही म्हणून.

अक्षरं ओळखणं हा मोडीतला सोपा भाग आहे. जुन्या कागदावर आधी आडवी रेघ ओढलेली असते आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता सलग मजकूर चालतो. दोन शब्दांत जागा नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ठरवायचं. पहिले काही महिने माणूस चुकीच्या जागी तोडत राहतो आणि वैतागतो. मग हळूहळू ‘छ’ दिसला की पुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना येणार हे कळतं. ‘खमस सितैन मया व अलफ’ हे बोजड शब्द म्हणजे मराठी कागदांत वापरल्या जाणाऱ्या शुहूर या कालगणनेतलं सन 1165, अर्थात इ. स. 1764-65, हे बोटांवर न मोजता सांगता येतं. लिहिणाऱ्याचं वळण ओळखू येतं. एकाच पत्रात मध्येच हात बदलला, म्हणजे पुढचा मजकूर दुसऱ्या कारकुनाने लिहिला, हे पहिल्यांदा लक्षात येतं त्या दिवशी विद्यार्थी जागेवरून उठून मला दाखवायला येतो. त्याच्या आयुष्यात त्या आठवड्यात घडलेली खरी नवी गोष्ट ती असते. ती सहाव्या-सातव्या महिन्यात येते. रोज नवं काही सुरू करणाऱ्याच्या वाट्याला ती येऊच शकत नाही, कारण तो कायम पहिल्या रविवारीच असतो.

आणि या कामाची गरजही आहे. पुण्याच्या पुरालेखागारात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि ते सराईतपणे वाचणारे फार थोडे. नाव लिहिता येणाऱ्या हजार जणांनी त्यातला एक कागदही उलगडत नाही. चाकोरीत टिकलेले दहा जण तो वाचतात.

गाण्यातही हेच आहे. सवाई गंधर्वांनी कुंदगोळला भीमसेन जोशींकडून प्रामुख्याने तोडी, मुलतानी आणि पूरिया हे तीनच राग घोटून घेतले. सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया. बाहेरून पाहणाऱ्याला ती चाकोरीच वाटली असती. पंडितजींची तोडी पुढे अनेक दशकं ज्यांनी ऐकली, त्यांना ती शिळी झाली असं म्हणताना मी कधी ऐकलं नाही.

‘वेळ लागत नाही, फक्त इच्छा हवी.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने सरकारची 2019 सालची वेळवापर पाहणी बघावी. घरचं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, तर असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. स्वयंपाक, भांडी, धुणं यांत पाच तास गेलेल्या, वर नोकरी करणाऱ्या बाईला रोज नवा अनुभव घेण्याची इच्छा कमी पडते, असं म्हणणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. माझ्या वर्गातल्या अशा बायकांना रोजचं आव्हान झेपत नाही आणि त्याची गरजही नाही. आठवड्यातले दोन तास घरातल्या कुणी त्यांचं काम अंगावर घेतलं, तर त्या वर्षभर टिकतात. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणाला खरंच मदत करायची असेल तर रविवारची भांडी घासावीत.

एका माणसाच्या बाबतीत मी या संदेशाशी भांडणार नाही. दुःखाने किंवा निवृत्तीनंतरच्या रिकामपणाने जो घरातच बसून आहे, त्याने आज वेगळ्या रस्त्याने फिरून आलं तरी ते मोलाचं आहे. त्याला दाराबाहेर पडायला निमित्त लागतं. त्या फेरीत काही आवडलं तर तिथेच थांबायची मुभाही त्याला असावी. उद्या पुन्हा वेगळं काही शोधायची सक्ती कशाला?

राहिलं ते ‘एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून’. लॅली यांच्या त्याच अभ्यासात एखाद्या दिवशी काम राहून गेल्याने सवय जडण्यावर लक्षणीय परिणाम झालेला दिसला नाही. तरीही लोक या एका ओळीपायी हातातलं चांगलं काम सोडून देतात. परीक्षा, आजारपण, गावची जत्रा, लग्नसराई यांत रविवार चुकतात. चुकलेला माणूस ओशाळून परत येतो आणि ‘अक्षरांपासून सुरू करू का?’ असं विचारतो. मी त्याला मागच्या वेळी अर्धवट राहिलेलं पत्रच पुढे वाचायला देते.